आदिवासी भाषांच्या विकीसाठी भाषा-कोड ठरवताना काय बघावं?

ऋतुगंध
एका आदिवासी भाषेतला विकिपीडिया उभा करायच्या खटपटीत मी तांत्रिक मदत करते आहे. भाषा माझी नाही, म्हणून तिचं नाव इथे देत नाही. निर्णय त्या लोकांचा आहे आणि त्यांची आपसातली चर्चा अजून चालू आहे. गाडी अडली आहे ती अगदी पहिल्याच पायरीवर: अर्जात भाषा-कोड कोणता लिहायचा?

परिस्थिती अशी. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या यादीत या भाषेला सगळ्यांना पोटात घेणारा एक मोठा कोड आहे आणि त्याच्याखाली तीन वेगळे कोड आहेत. लिहायला तयार असलेली माणसं त्या तीनपैकी दोन बोलींची आहेत. तिसऱ्या बोलीतलं अजून कुणी आलेलं नाही. गटातले ज्येष्ठ म्हणतात, मोठाच कोड घ्या, आपण एक आहोत हे जगाला दिसू दे. तरुण शिक्षक मंडळी म्हणतात, मोठ्या कोडखाली लिहिलं की दर दुसऱ्या शब्दावर वाद होणार, आणि शेवटी ज्या बोलीचे लिहिणारे जास्त तीच खरी भाषा ठरणार. त्यात भर म्हणजे त्या मोठ्या कोडची अक्षरं बाहेरच्यांनी ठेवलेल्या नावावरून आली आहेत, आणि ते नाव गटात कुणालाच आवडत नाही.

मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून इथे विचारते आहे. इतर आदिवासी भाषांनी हे कसं सोडवलं, कुणाचं जमलं, कुणाचं फसलं? "कोणताही घ्या, काय फरक पडतो" असं उत्तर कृपया नको. हा कोड साइटच्या पत्त्यात बसतो आणि मग हलता हलत नाही.

ओसरी
वाचनखूण साठवली. मराठी विकीच्या पत्त्यात सुरुवातीला एम-आर असतं, ते हेच का? मग बाकीच्या भाषांना दोन अक्षरं का नाहीत?

तळटीप
हो, तेच. आयएसओ ६३९ हे मानक. दोन अक्षरांच्या जोड्या मुळात ६७६च होतात आणि त्यातल्याही दोनशेहून कमी वाटल्या गेल्या. मराठीला एम-आर मिळाला, नवाहोला एन-व्ही, ग्वारानीला जी-एन. बहुतेक आदिवासी भाषांना तीन अक्षरी कोडच आहेत. २००७ साली आलेल्या ६३९-३ या भागात सात हजारांहून जास्त भाषा आहेत आणि तिथला कारभार एसआयएल इंटरनॅशनल ही संस्था बघते. २०२३ मध्ये मानकाचे सगळे भाग एकत्र केले, पण वापरणाऱ्यांच्या दृष्टीनं कोड तेच राहिले.

ऋतुगंध, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आधी तपासा. 'मोठा कोड' दोन प्रकारचा असतो. एक मॅक्रोलँग्वेज: म्हणजे यादी म्हणते की या वेगवेगळ्या भाषा आहेत, पण काही कामांपुरत्या त्या एकच धरता येतात. दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ, आयमारा आणि ग्वारानी, कॅनडातली क्री, आपल्याकडची गोंडी या सगळ्या मॅक्रोलँग्वेज आहेत. दुसरा समूह-कोड, म्हणजे नुसतं भाषांचं कूळ. मेक्सिकोतल्या नाहुआत्लचा एन-ए-एच हा समूह-कोड आहे, ६३९-३ मध्ये तो नाहीच. तिथे नाहुआत्लच्या तीसच्या आसपास स्वतंत्र भाषा आहेत. नाहुआत्ल विकिपीडिया फार आधी सुरू झाला म्हणून तो एन-ए-एच या पत्त्यावर नांदतो आहे. आज कुणी समूह-कोड घेऊन विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या भाषा समितीकडे गेलं तर तो अर्ज पुढे सरकणं कठीण. तुमचा मोठा कोड मॅक्रोलँग्वेज असेल तरच तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. समूह-कोड असेल तर ज्येष्ठांच्या मताला दुर्दैवानं वावच उरत नाही.

ऋतुगंध
तपासलं. मॅक्रोलँग्वेजच आहे. धन्यवाद, हा फरक मला माहीत नव्हता.

खडूफळा
मग मी ज्येष्ठांच्या बाजूनं. लिहिणारी माणसं मूठभर. त्यांची दोन घरं केलीत तर दोन्हीकडे दिवा लावायला कुणी उरणार नाही. केचुआचं बघा. यादीत चाळीसहून जास्त केचुआ आहेत आणि काही तर एकमेकींना समजतही नाहीत. तरी विकी एकच आहे आणि तो इतकी वर्षं चालू आहे. आयमाराचंही तेच. मोठा कोड घेतला की सरकारी पाठ्यपुस्तकं, रेडिओ, विद्यापीठं यांच्याशी नाव जुळतं, कारण तेही "केचुआ" असंच म्हणतात.

विकीला एकट्यादुकट्या उत्साही माणसावर चालता येत नाही. कुणी लग्न झालं, नोकरी लागली, म्हणून थांबलं की काम थांबतं. जितकी मोठी चादर तितके लिहिणारे टिकायची शक्यता जास्त.

नीलपक्षी
खडूफळा, केचुआचं उदाहरण अर्धंच झालं. त्या विकीचं लेखन मुख्यतः दक्षिणी केचुआच्या प्रमाण लेखनाला धरून चालतं. उत्तरेकडच्या बोली बोलणाऱ्याला तिथे "आपल्या भाषेचा विकी" असं वाटेल का? तरुण शिक्षक ज्याची भीती सांगताहेत ते नेमकं हेच.

आता उलट उदाहरण. क्री ही मॅक्रोलँग्वेज, पोटात सहा भाषा. मैदानी क्रीत जिथे 'य' येतो तिथे दलदली क्रीत 'न', जंगली क्रीत 'थ' आणि मूस क्रीत 'ल' येतो. 'मी' हा शब्दसुद्धा नीया, नीना, नीथा, नीला असा चार तऱ्हांचा. एका विकीत लेख कोणत्या क्रीत लिहायचा हे प्रत्येक वेळी ठरवायला लागतं. तो विकी वर्षानुवर्षं जेमतेम श्वास घेत राहिला. त्यांची सख्खी शेजारीण अतिकामेक्व. तिचा कोड क्रीच्या छत्राखाली नाहीच, ए-टी-जे हा तिचा स्वतंत्र कोड आहे. क्यूबेकमधल्या मनवान वस्तीतल्या शाळेत काम सुरू झालं, २०१७ मध्ये विकिपीडिया उघडला. बोलणारे काही हजार. पण काय लिहायचं, कसं लिहायचं, याचा निर्णय घ्यायला बसणारी माणसं एकमेकांना ओळखत होती.

माझं मत ठाम आहे: जी माणसं खरोखर लिहिणार आहेत त्यांच्या बोलीचा कोड घ्या. उरलेल्यांच्या नावानं आपण जागा अडवून ठेवू नये.

खडूफळा
अतिकामेक्वला छत्र नव्हतंच, त्यामुळे ती निवड नव्हती. ऋतुगंध यांच्या गटापुढे खरी निवड आहे. आणि क्री विकी रोडावला तो फक्त कोडमुळे असं म्हणणं मला घाईचं वाटतं. शाळेतून पाठबळ मिळालं हे अतिकामेक्वच्या यशाचं मोठं कारण आहे, ते तुम्हीच लिहिलंत.

नीलपक्षी
शाळेचा मुद्दा मान्य. छत्राचा नाही. मोठं छत्र असलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी लिहील.

जुनाजाणता
कोड मागाहून बदलायचं म्हटलं तर काय होतं तेवढं सांगतो, निवड करताना उपयोगी पडेल.

स्वित्झर्लंड आणि आसपास बोलल्या जाणाऱ्या, जर्मनच्या नात्यातल्या आलेमानिकच्या विकिपीडियानं सुरुवातीला आपल्या मनानं ए-एल-एस अशी अक्षरं घेतली. तेव्हा आयएसओच्या यादीत ती मोकळी होती. पुढे ६३९-३ आलं आणि त्यात ए-एल-एस मिळाला तोस्क आल्बेनियन भाषेला. आलेमानिकसाठी अधिकृत कोड जी-एस-डब्ल्यू. पण तोवर हजारो दुवे, साचे (पानांवर लावायचे तयार नमुने), बॉट (आपोआप काम करणारे प्रोग्राम) जुन्या पत्त्यावर बेतलेले. वर्षानुवर्षं पत्ता आल्बेनियनचा आणि मजकूर आलेमानिक.

बेलारूशीच्या जुन्या लेखनपद्धतीच्या विकीला बी-ई-एक्स-ओल्ड असा पत्ता दिला होता. "ओल्ड" हा शब्द त्या लोकांना खुपत होता. २०१५ मध्ये तो बदलून बी-ई-तराश्क केला. पत्ता बदलला, पण आतल्या डेटाबेसचं नाव जुनंच राहिलं, कारण ते बदलणं पत्ता बदलण्याहून कितीतरी अवघड.

विकीबाहेरही हेच आहे. हिब्रूचा कोड १९८९ मध्ये आय-डब्ल्यूवरून एच-ई झाला. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा मात्र २०२१ मधल्या सतराव्या आवृत्तीपर्यंत आतून जुनाच कोड धरून बसली होती.

म्हणून दोन गोष्टी. मनानं अक्षरं जुळवू नका, यादीतलाच कोड घ्या. आणि कोड हे भाषेचं नाव आहे असं समजून त्यावर जीव टाकू नका. ती निव्वळ ओळखखूण आहे.

चौकस
आलेमानिक वाचायला निघालेला माणूस आल्बेनियात उतरला तर परतीचं तिकीट भाषा समितीनं द्यायला हवं :)

रानवाट
जुनाजाणता, माहिती उत्तम, पण शेवटच्या ओळीशी मी सहमत नाही.

चिलीतल्या मापुचे लोकांची भाषा मापुदुंगुन. तिचा कोड ए-आर-एन. कशावरून? "अराउकानो" या वसाहतवाल्यांनी दिलेल्या नावावरून. मापुचे लोकांनी ते नाव नाकारून जमाना झाला. अलास्कातल्या युपिक आणि इन्युपियाक भाषांचे कोड बघा: ई-एस-यू, ई-एस-एस, ई-एस-आय, ई-एस-के. ते 'ई-एस' 'एस्किमो' या शब्दातून आलं हे तिथल्या कुठल्याही मुलाला सांगावं लागत नाही. ज्यांना शाळेत स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या, त्यांच्या नातवंडांनी आपल्या भाषेचा विकी उघडावा आणि पत्त्याच्या पट्टीत तेच नाव दिसावं? "जीव टाकू नका" हे आपण म्हणू शकतो, कारण आपल्या भाषेचा कोड आपल्याच भाषेच्या नावाचा आहे.

जुनाजाणता
तुमचं दुःख बरोबर आहे आणि माझं वाक्य कोरडं होतं हे मान्य. पण नियम असा आहे की नुसत्या नावाच्या कारणावरून अक्षरं बदलत नाहीत. बदलायला लागलो तर जगभरच्या ग्रंथालयांतल्या आणि संग्रहांतल्या नोंदी तुटतील. यादीतलं भाषेचं नाव मात्र बदलतं. तैवानमधल्या टी-आर-व्ही या कोडची अक्षरं 'तारोको' नावावरून आली. यादीत आता तो सेदिक म्हणून आहे आणि सेदिक विकिपीडिया त्याच पत्त्यावर चालतो.

रानवाट
ते ठीक. मग एवढं तरी करावं: लोगोवर, मुखपृष्ठावर, भाषांच्या यादीत, सगळीकडे त्या लोकांनी स्वतः सांगितलेलं नाव त्यांच्याच लिपीत यावं. ती जागा कोडच्या ताब्यात नाही. आणि यादीतलं नाव बदलण्याचा अर्जही विकीबरोबरच टाकावा, नंतर कधीतरी म्हणून ठेवू नये.

अक्षरओळख
थोडं अवांतर, पण पुढे हे येणारच: लिपी.

काही ठिकाणी लोक बोलीवर भांडतात असं वाटतं आणि खरा वाद लिपीचा निघतो. कॅनडातल्या इनुक्तितुतला सिलॅबिक्स नावाची लिपी आणि रोमन, दोन्ही चालतात. त्यांनी दोन विकी केले नाहीत. एकाच विकीत लिपी बदलून दाखवण्याची सोय आहे. संताळीसाठी रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी तयार केली, ती २००८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांवरच्या लिप्यांच्या जागतिक मानकात, आली आणि २०१८ मध्ये संताळी विकिपीडिया ओल चिकीतच उघडला. संताळी बंगाली, ओडिया, देवनागरी, रोमन अशा लिप्यांतही लिहितात. पण त्यांनी आधी लिपीवर एकमत केलं, मग अर्ज केला. गोंडीच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, शिवाय देवनागरी आणि तेलुगू लिपीत लिहिणारे आहेतच.

लिपीसाठी वेगळे चार अक्षरी कोड असतात, ते भाषेच्या कोडला मागून जोडता येतात. म्हणजे लिपी वेगळी म्हणून वेगळा भाषा-कोड मागायची गरज नाही. मापुदुंगुनसारखी स्थिती असेल तर आणखी वेगळं. तिथे लिपी एकच, रोमन, पण लेखनाच्या किमान तीन पद्धती प्रचलित आहेत: उनिफिकादो, रागिलेओ, आसुमचेफे. हा प्रश्न कुठलाच कोड सोडवत नाही. बसून बोलावंच लागतं.

ऋतुगंध, तुमच्या दोन बोलींत लिपी एक आहे ना?

ऋतुगंध
लिपी एकच. लेखनात मात्र दोन-तीन अक्षरांवर मतभेद आहेत. स्वर लांबवायची खूण करायची की नाही, असे.

ओसरी
कोंकणीचं काय? तिथेही असंच काही ऐकलं होतं.

तळटीप
कोंकणी, के-ओ-के, ही मॅक्रोलँग्वेज. तिच्या पोटात गोंयची कोंकणी जी-ओ-एम आणि दुसरी के-एन-एन. विकिपीडिया २०१५ मध्ये उघडला तो जी-ओ-एमवर. त्यात देवनागरी आणि रोमी दोन्ही लेख आहेत.

भोजपुरीची गोष्ट आणखी बोलकी आहे. विकी सुरू झाला तेव्हा बी-एच हा दोन अक्षरी कोड घेतला. तो 'बिहारी भाषा' असा समूह-कोड होता. पुढे मैथिलीला स्वतःच्या कोडवर वेगळा विकी मिळाला आणि बी-एचवर प्रत्यक्षात भोजपुरीच उरली. नंतर मानकातून बी-एच रद्दच झाला. भोजपुरीचा खरा कोड बी-एच-ओ. सगळ्यांच्या नावानं घेतलेलं घर शेवटी एकाच भावाकडे राहिलं, पण दारावरची पाटी तीच.

नीलपक्षी
हेच तर मी म्हणते आहे! पोटातल्या भाषा एकेक करून बाहेर पडतात आणि मोठ्या कोडखाली एकच उरते.

शीळ
मला वेगळाच प्रश्न पडतो. भाषा किती आणि बोली किती हे एका परदेशी संस्थेच्या यादीनं का ठरवायचं? एसआयएलचा उगम ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या कामातला. बायबलचं भाषांतर कुठे वेगळं करावं लागेल, हा विचार त्या वर्गवारीमागे बराच काळ होता. मेक्सिकोच्या राष्ट्रीय आदिवासी भाषा संस्थेनं २००८ मध्ये स्वतःची सूची काढली: ११ भाषाकुळं, ६८ भाषागट, ३६४ भाषारूपं. त्यात नाहुआत्लची ३० रूपं आहेत. त्यातलं एकेक रूप आयएसओच्या एकेका कोडशी सरळ जुळतं असं नाही. मिश्तेकला तर ६३९-३ मध्ये पन्नासच्या आसपास कोड आहेत आणि वर छत्र म्हणून मॅक्रोलँग्वेजच नाही. म्हणजे मेक्सिकोतल्याच झापोतेकला छत्र आणि मिश्तेकला नाही. याला काय तर्क?

भाषाशास्त्रज्ञांनीही २०१३ मध्ये या मानकावर जाहीर टीका केली आहे: भाषेच्या सीमा अशा कायमच्या आखता येत नाहीत, आणि आखल्या तर त्या बोलणाऱ्यांचं नुकसान करू शकतात. ग्लॉटोलॉगसारखी सूची बोलीलासुद्धा स्वतःचा क्रमांक देते. मग विकींनी तीच का घेऊ नये?

जुनाजाणता
कारण ब्राउझर, फोन, फाँट, कळफलक, वाचून दाखवणारी यंत्रं, सगळी आयएसओवर उभ्या असलेल्या बीसीपी ४७ या पद्धतीनं बोलतात. पानावर ग्लॉटोलॉगचा क्रमांक लिहिला तर अंध वाचकाच्या यंत्राला काहीच कळणार नाही. यादी सदोष आहे हे मान्यच, पण बाकी सगळ्या यंत्रणांना समजणारी तीच एक आहे.

यादी बदलतही असते, हे लक्षात असू द्या. गोंडीच्या पोटात आधी दक्षिणी गोंडी असा एक कोड होता. तो मोडून अहेरी गोंडी ई-एस-जी आणि आदिलाबाद गोंडी डब्ल्यू-एस-जी असे दोन केले. जुना कोड दुसऱ्या कुणाला दिला जात नाही, पण ज्यांनी आपला मजकूर त्याखाली नोंदवला होता त्यांना पुन्हा बसून वाटणी करावी लागते.

अक्षरओळख
शीळ, यादीत भर घालता येते आणि घातलीही जाते. तैवानमधले साकिझाया लोक आधी अमिसमध्ये मोजले जात. २००७ मध्ये त्यांना वेगळी जमात म्हणून मान्यता मिळाली. २०१९ मध्ये एस-झेड-वाय हा कोड मिळाला आणि त्याच वर्षी विकिपीडियाही. कुणीही अर्ज करू शकतं: भाषा वेगळी का, तिचं साहित्य काय, बोलणारे तिच्याकडे कसं बघतात, हे लिहून द्यायचं. अर्ज जाहीर होतो, लोकांची मतं मागवतात, मग निर्णय. महिने जातात, पण दार बंद नाही.

शीळ
बारा वर्षं, मान्यतेपासून कोडपर्यंत.

अक्षरओळख
हो. पण त्या काळात त्यांनी भाषा लिहायचं थांबवलं नाही.

चौकस
एक भाबडा प्रश्न. स्वतःचाच सर्व्हर घेऊन त्यावर मीडियाविकी हे विकीचं सॉफ्टवेअर टाकलं तर कुठलीही अक्षरं घेता येतील ना?

तळटीप
येतील. मानकानं क्यू-ए-एपासून क्यू-टी-झेडपर्यंत ५२० कोड खाजगी वापरासाठी मोकळे ठेवले आहेत, ते कधीच कुणा भाषेला मिळणार नाहीत. घरच्या कामाला उत्तम. पण सार्वजनिक विकीवर ते टाकू नका. तोच कोड दुसऱ्या कुणी दुसऱ्या भाषेसाठी वापरलेला असू शकतो आणि मजकूर गोळा करणाऱ्याला दोन्ही एकच वाटतील. विकिडेटा या विकिमीडियाच्या माहितीसाठ्यावर कोड नसलेल्या भाषेतला शब्द नोंदवताना "कोड नसलेली" अशी खूण आणि तिला जोडून त्या भाषेच्या नोंदीचा क्रमांक लिहितात. तशी काही व्यवस्था हवी.

मजकूर गोळा करण्याचा मुद्दा आज फार महत्त्वाचा झाला आहे. यंत्र-अनुवाद तपासायला वापरतात त्या फ्लोरेस संचात केचुआ म्हणून आयाकुचो केचुआ आहे, क्यू-यू-वाय. आयमारा म्हणून मध्य आयमारा, ए-वाय-आर. विकीचे पत्ते मात्र क्यू-यू आणि ए-वाय. म्हणजे विकीवरचा केचुआ लेख नेमका कोणत्या केचुआतला, हे लेखावर लिहिलेलं नसेल तर यंत्र तो आयाकुचोचा समजून शिकणार. मोठा कोड घेणाऱ्यांनी प्रत्येक लेखाच्या डोक्यावर बोलीचा साचा लावलाच पाहिजे आणि मजकुराला आतून नेमक्या बोलीचा कोड दिला पाहिजे. हे पहिल्या लेखापासून करा. हजार लेख झाल्यावर ते काम कुणी करत नाही.

खडूफळा
तळटीप, हे फार कामाचं. म्हणजे पत्ता मोठ्या कोडचा आणि लेखांवर खूण बारीक कोडची, दोन्ही साधतं. नीलपक्षी, तुमचा आक्षेप यानं थोडा तरी सुटतो ना?

नीलपक्षी
थोडा सुटतो. पण साच्यानं लेख ओळखता येतात, सत्ता वाटली जात नाही. प्रचालक (विकीची देखरेख करणारे) कोण, मुखपृष्ठ कोणत्या बोलीत, बटणांवरचे शब्द कोणते? बटणावर एकच शब्द मावतो. तो कोणाचा हे आधी लिहून ठरवा.

रानवाट
+१. बटणांचा मुद्दा कुणी काढत नाही आणि वाद तिथेच पेटतो.

जुनाजाणता
ऋतुगंध, मूळ प्रश्नाकडे येतो. घाई करू नका, कारण करायची गरज नाही. आधी इन्क्युबेटरवर, म्हणजे नव्या विकींच्या चाचणीसाठी असलेल्या विकिमीडियाच्या साइटवर, काम सुरू होतं. तिथे विकी म्हणजे फक्त पानांच्या नावाआधी लागणारा एक उपसर्ग. चुकला तर पानं हलवता येतात, थोडी मेहनत पडते इतकंच. महाग बदल सुरू होतो तो स्वतंत्र पत्ता मिळाल्यावर. तेव्हा इन्क्युबेटरमधले महिने हे कोड तपासून बघायचे महिने समजा. दोन्ही बोलींचे लोक एकाच उपसर्गाखाली काम करू शकतात की नाही हे तिथेच कळेल.

कसोटी म्हणाल तर माझी एकच: एका बोलीच्या माणसानं लिहिलेला लेख दुसऱ्या बोलीचा माणूस दुरुस्त करायला धजतो का? धजत असेल आणि पहिल्याला त्याचा राग येत नसेल, तर एक विकी चालेल. नुसतं वाचता येणं पुरेसं नाही. विकी दुरुस्तीवर चालतो.

ऋतुगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये काही दिवस इथे आले नव्हते, कारण या धाग्यातले बरेच मुद्दे गटापुढे ठेवून चर्चा चालू होती.

जुनाजाणतांची कसोटी लावून बघितली. दोन्ही बाजूंनी काही लेख लिहिले आणि ते एकमेकांना दुरुस्तीला दिले. शब्दांवर वाद अपेक्षेपेक्षा फार कमी झाला. पर्यायी शब्द कंसात द्यायचा, असं त्यांनी आपसात ठरवलंसुद्धा. सगळी खडाजंगी झाली ती स्वरांच्या खुणेवर, आणि त्यात बोलींप्रमाणे नव्हे तर वयाप्रमाणे दोन तट पडले! ज्येष्ठांना खुणा हव्यात, तरुणांना फोनवर टंकताना त्या नको आहेत.

त्यामुळे सध्या मोठ्या कोडखालीच इन्क्युबेटरवर सुरुवात करायची असं त्यांनी ठरवलं आहे. प्रत्येक लेखावर बोलीचा साचा लागणार. लोगोवर त्यांनी स्वतः निवडलेलं नाव असेल, आणि यादीतलं नाव बदलण्याचा अर्ज दोन शिक्षक लिहायला बसले आहेत. रानवाट, तुमचा मुद्दा मी जसाच्या तसा वाचून दाखवला होता.

एक अट ज्येष्ठांनीच घातली, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडली: तिसऱ्या बोलीच्या लोकांना जाऊन विचारल्याशिवाय स्वतंत्र पत्त्याचा अर्ज करायचा नाही. ते "आम्हाला यात धरू नका" म्हणाले, तर मोठा कोड सोडून द्यायचा आणि दोन बोलींचं काय करायचं ते पुन्हा ठरवायचं.

नीलपक्षी
ही अट असेल तर माझा विरोध नाही. फक्त विचारायला जाताना हातात तयार विकी घेऊन जाऊ नका. तयार घरात नंतर बोलावलेला माणूस पाहुणाच राहतो. साच्यांची नावं, बटणांचे शब्द, लेखनाचे नियम यातलं काही तरी त्यांच्यासाठी खुलं ठेवा.

खडूफळा
सहमत. आणि पहिल्या भेटीला त्या दोन बोलींतले लोकच जाऊ देत, आपल्यासारखे मदतनीस मागे राहावेत.

तळटीप
एक व्यवहाराची गोष्ट. बटणांचे आणि संदेशांचे शब्द ट्रान्सलेटविकी या भाषांतराच्या साइटवर भाषांतरित करावे लागतात आणि तिथेही भाषा कोडनिशी उघडून घ्यावी लागते. सर्वाधिक वापरले जाणारे संदेश पूर्ण झाल्याशिवाय समिती विकीला मंजुरी देत नाही. तुमचा मोठा कोड तिथे आधीपासून उघडा आहे का ते बघा. असेल तर पूर्वी कुणी, कोणत्या बोलीत भाषांतर करून ठेवलंय तेही बघा.

ऋतुगंध
आत्ताच बघितलं. उघडा आहे, थोडे संदेश भाषांतरितही आहेत, आणि ते तिसऱ्या बोलीतले दिसताहेत! ज्यांनी केलेत त्यांच्या चर्चापानावर निरोप ठेवायला गटातल्या शिक्षकांना सांगते.